छोट्या नेटवर्कच्या मेलची पत कशी राखावी

महिन्याची २० तारीख होती आणि संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. नागपूरच्या धरमपेठेतील एका करसल्लागारांचा फोन आला. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस, आणि त्यांच्या कार्यालयातून ग्राहकांना गेलेला एकूण एक मेल परत येत होता. परत आलेल्या मेलमध्ये ‘५५० ५.७.१’ असा नकाराचा आकडा आणि एका ब्लॉकलिस्टचे, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या यादीचे, नाव होते. ज्या छोट्या इंटरनेट कंपनीत मी तेव्हा काम करीत होतो, तिचा मेल पाठवणारा सर्व्हर त्या यादीत गेला होता. कारण शोधायला अर्धा तास पुरला. इतवारीतील एका दुकानाच्या मेल खात्याचा पासवर्ड चोरीला गेला होता आणि चार रात्री त्या खात्यातून हजारो अनोळखी पत्त्यांवर लॉटरीचे मेल जात होते. खरी शरमेची गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. परदेशातील एका ऑपरेटरने पहिल्याच रात्रीनंतर आमच्या तक्रारपत्त्यावर नमुन्यासह इशारा पाठवला होता. पण तो पत्ता ज्या सहकाऱ्याच्या खात्याकडे वळवलेला होता, त्याला नोकरी सोडून वर्ष झाले होते.

नागपुरात आणि आसपास केबलच्या धंद्यातून ब्रॉडबँडमध्ये आलेली अनेक लहान नेटवर्के आहेत. तेथे एक-दोन अभियंतेच राउटरही पाहतात, खांबावरची फायबरही पाहतात आणि मेलही पाहतात. अशा ठिकाणी नव्याने रुजू झालेल्यांसाठी हे लिहिले आहे. मेलच्या जगात आयपी पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवरील यंत्राच्या क्रमांकाला, पत असते, आणि ती इतवारीच्या ठोक बाजारातील पतीसारखीच चालते: मागचे व्यवहार कसे होते आणि दारावर हाक मारली तर आतून कोणी ओ देतो का, एवढेच समोरचा पाहतो. बहुतेक मार्गदर्शिका डीएनएसच्या (इंटरनेटवरील नावे आणि पत्ते सांगणाऱ्या नोंदवहीच्या) नोंदींपासून सुरू होतात. मी मुद्दाम तक्रारपेटीपासून सुरू करतो, कारण आमच्या नोंदी त्या दिवशीही व्यवस्थित होत्या.

पहिली पायरी: तक्रारपेटी उघडी ठेवणे

प्रत्येक डोमेनवर ‘अब्यूज’ आणि ‘पोस्टमास्टर’ या नावांचे दोन पत्ते चालू असले पाहिजेत. हा संकेत मे १९९७ मध्ये आरएफसी २१४२ या दस्तऐवजात लिहिला गेला. जगातला कोणताही मेल प्रशासक, आपली ओळख नसतानाही, याच नावांवर लिहील असे गृहीत धरावे. हे पत्ते एका व्यक्तीच्या खात्याकडे कधीही वळवू नयेत. किमान दोघांना दिसेल अशी सामाईक पेटी करावी आणि एखादा माणूस नोकरी सोडतो तेव्हा लॅपटॉप, चावी आणि ओळखपत्र परत घेण्याच्या यादीत या पेटीचाही उल्लेख असावा.

या पेटीवर नेहमीचा स्पॅम फिल्टर लावू नये. तक्रार करणारा सहसा मूळ स्पॅम मेल जसाच्या तसा जोडतो, त्यामुळे आपला फिल्टर तक्रारीलाच स्पॅम समजून परत पाठवतो आणि समोरच्याला वाटते की या नेटवर्कला ऐकूनच घ्यायचे नाही. पेटीत कचरा येईल हे खरे आहे, पण तो हाताने निवडण्याला पर्याय नाही.

डोमेनइतकीच महत्त्वाची आहे ती आयपी पत्त्यांची नोंद. भारतातील लहान नेटवर्के पत्ते घेतात ते निक्सीच्या अखत्यारीतील आयआरआयएनएन या राष्ट्रीय नोंदणी संस्थेकडून किंवा थेट एपनिक या आशिया-प्रशांत विभागाच्या नोंदणी संस्थेकडून. एपनिकच्या नोंदवहीत तक्रारसंपर्काची ‘आयआरटी’ नोंद २०१० पासून सक्तीची आहे, आणि तेथील मेल पत्ता चालू आहे की नाही याची पडताळणी दर सहा महिन्यांनी होते. पडताळणीचा मेल आला की तो फसवणुकीचा समजून पुसून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत, म्हणून तो कसा दिसतो हे आधीच्या माणसाकडून समजून घ्यावे. नव्या सदस्याला आता जास्तीत जास्त ५१२ आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते मिळतात. त्यातले शंभर खराब झाले, तर बदलून मागायला दुकान नाही.

दुसरी पायरी: बाहेर जाणारा दरवाजा

मेल वाहून नेणारा एसएमटीपी हा प्रोटोकॉल ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला गेला. तेव्हा जोडलेली यंत्रे मोजकी होती, त्यामुळे पोस्टकार्डावर ‘प्रेषक’ म्हणून कोणीही काहीही लिहावे तशीच मोकळीक त्यात राहिली. तशी अनाहूत जाहिरात त्याआधीही गेलीच होती: ३ मे १९७८ रोजी एका संगणक कंपनीच्या विक्री विभागाने आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरील सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या यंत्रांचे आमंत्रण धाडले आणि शिव्या खाल्ल्या. आज आपल्या नेटवर्कमधून बाहेर जाणाऱ्या घाणीचा मोठा भाग कोणाच्या विक्री विभागाचा नसतो. तो ग्राहकाच्या घरातील संसर्ग झालेल्या संगणकाचा, जुन्या राउटरचा किंवा भिंतीवर टांगलेल्या स्वस्त कॅमेऱ्याचा असतो.

म्हणून घरगुती ग्राहकांसाठी बाहेर जाणारे पोर्ट २५ (पोर्ट म्हणजे जोडणीचे क्रमांक दिलेले दार) बंद ठेवावे. हे पोर्ट एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला मेल देण्यासाठी आहे. सामान्य माणूस फोनवरून किंवा आउटलुकमधून मेल पाठवतो तेव्हा तो ५८७ किंवा ४६५ वापरतो, आणि तेथे पासवर्ड लागतो. ती दोन्ही पोर्टे उघडी राहिली की बहुतेकांना काहीच फरक जाणवत नाही. हिंगणा एमआयडीसीतील एखाद्या कारखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर असेल, तर लेखी अर्ज घेऊन, स्थिर आयपी देऊन आणि पुढच्या पायरीतील उलटी नोंद लावूनच त्याला २५ उघडून द्यावे. बंदी लावल्यानंतरच्या आठवड्यात फोन येतात. ते बहुधा हजेरीचे यंत्र, यूपीएसची सूचना किंवा जुने बिलिंग सॉफ्टवेअर यांबद्दल असतात. त्यांची सेटिंग ५८७ वर नेऊन द्यावी आणि अपवादांची यादी वाढू देऊ नये.

आपण स्वतः ग्राहकांना मेल सेवा देत असू, तर प्रत्येक खात्याला तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा हवीच. दुकानाचे खाते दिवसाला वीस-तीस मेल पाठवते. ते रात्री दोन वाजता तासाला पाचशे पाठवू लागले, तर सर्व्हरने स्वतःहून खाते गोठवावे आणि सकाळी माणसाने पाहावे. आमच्याकडे ही मर्यादा असती, तर ते प्रकरण पहिल्याच रात्री संपले असते. सर्व्हरच्या रांगेत किती मेल अडकले आहेत हा एक आकडा जरी भिंतीवरच्या पडद्यावर ठेवला, तरी अर्धी संकटे डोळ्यांनी दिसतात.

सीजीनॅटमागे ग्राहक असतील, म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे असतील, तर एक विशेष काळजी घ्यावी लागते. तक्रारीत नुसता आयपी असेल तर ग्राहक सापडत नाही. स्रोत पोर्ट आणि नेमकी वेळ लागते. यातील वेळेने मला एकदा चांगलेच फसवले. तक्रारीत लिहिले होते: १४ तारीख, १९:१०, यूटीसी. मी १४ तारखेच्या संध्याकाळच्या सात-दहाच्या नोंदी काढल्या आणि एका निवृत्त शिक्षकांना फोन करून त्यांच्या संगणकात व्हायरस असल्याचे सांगितले. बिचाऱ्यांनी माणूस बोलावून संगणक पुसून घेतला. यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साडेपाच तास मिळवले की ती वेळ होते १५ तारखेची मध्यरात्र उलटून बारा चाळीस, आणि तेव्हा तो पत्ता व पोर्ट दुसऱ्याच घराकडे होते. तेव्हापासून मी यूटीसी दाखवणारे एक घड्याळ भिंतीवर लावून घेतले आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपणे, यंत्रांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) जुळती ठेवणे आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. तेव्हा हे काम कायद्याच्या बाजूनेही टाळता येत नाही.

तिसरी पायरी: उलटी नोंद

सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद असावी आणि ते नाव परत त्याच पत्त्याकडे न्यावे. जोडणी करताना सर्व्हर स्वतःची जी ओळख सांगतो, तिच्यात तेच नाव असावे. नाव ‘मेल’ किंवा ‘एमएक्स’ असे साधे ठेवावे. पत्त्याचेच आकडे गुंफलेले नाव दिले, तर समोरचा फिल्टर त्याला घरगुती जोडणी समजतो. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यावरून मेल पाठवायचा असेल तर जीमेलसारख्या सेवा याबाबत अधिकच कडक आहेत, म्हणून ही तयारी झाल्याशिवाय मेल सर्व्हरला आयपीव्ही६ देऊ नये.

चौथी पायरी: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क

या तिघांचे काम वेगवेगळे आहे आणि नवोदितांचा गोंधळ तेथेच होतो. एसपीएफ सांगते की या डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याचा हक्क कोणत्या पत्त्यांना आहे. मात्र ते लिफाफ्यावरचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात तो, प्रेषक तपासते, वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसणारा नव्हे. डीकिम मेलवर डोमेनची सही करते. डीमार्क पाहते की दिसणारा प्रेषक या दोन्हींपैकी किमान एकाशी जुळतो का, आणि न जुळल्यास काय करावे अशी आपली इच्छा आहे ते समोरच्याला कळवते.

एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. नवीन सेवा घेतली की लोक दुसरी नोंद जोडतात आणि दोन्ही निकामी होतात. तपासताना समोरच्याला डीएनएसमध्ये जास्तीत जास्त १० शोध घेण्याची मुभा असते. ‘इन्क्लूड’च्या, म्हणजे दुसऱ्या सेवेची यादी जोडणाऱ्या शब्दाच्या, पोटात आणखी ‘इन्क्लूड’ असतात आणि तेही मोजले जातात, म्हणून तीन-चार बाहेरच्या सेवा जोडल्या की दहाची मर्यादा नकळत ओलांडली जाते. वर्षातून एकदा बसून, कोणती सेवा आपण खरोखर वापरतो हे लेखा विभागाला विचारून, बाकीच्या काढून टाकाव्यात.

डीकिमसाठी २०४८ बिटांची किल्ली घ्यावी. तिची सार्वजनिक बाजू डीएनएसमध्ये ठेवताना एका ओळीला २५५ अक्षरांची मर्यादा आड येते. किल्ली दोन तुकड्यांत, प्रत्येक तुकडा अवतरणचिन्हांत, अशी द्यावी लागते. डोमेन विकणाऱ्यांच्या काही पॅनेलमध्ये हे आपोआप होते. काहींमध्ये किल्लीचा शेवट गुपचूप कापला जातो, आणि सही तपासताना ती चुकीची ठरते. नोंद टाकल्यावर ती बाहेरून, दुसऱ्या नेटवर्कवरून वाचून अक्षरे मोजून पाहावीत.

डीमार्क ‘नन’ या धोरणाने सुरू करावे. त्याने काहीही अडत नाही, पण अहवाल येऊ लागतात. हे अहवाल बहुधा रोज, दाबलेल्या एक्सएमएल फायलीच्या रूपात येतात आणि दिसायला कंटाळवाणे असतात. तरी पहिले दोन महिने ते वाचलेच पाहिजेत. आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवत आहे हे त्यात प्रथमच उघड होते. एका संस्थेच्या अहवालात मला वर्धा रोडवरील तिच्याच जुन्या शाखेतील डीव्हीआर सापडला. संस्था तेथून हलली होती, नवा भाडेकरू ते यंत्र वापरत होता, आणि दर हालचालीला जुन्या संस्थेच्या नावाने सूचना जात होती. असे सगळे विसरलेले प्रेषक मार्गी लागल्यावर धोरण ‘क्वारंटाइन’ (संशयितांत टाका) करावे आणि काही आठवड्यांनी ‘रिजेक्ट’ (नाकारा). जी डोमेने फक्त नाव राखण्यासाठी घेतली आहेत आणि ज्यांवरून मेल जातच नाही, त्यांना मात्र पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावावे.

हे सर्व चालते की नाही, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्वतःच्या जीमेल खात्यावर मेल पाठवून त्याचा मूळ मजकूर उघडणे. त्यात ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या असतात. सर्वांत खालची ओळ सर्वांत जुनी. मेल आपल्याकडे आलेला असेल, तर यातील फक्त आपल्या सर्व्हरने घातलेल्या ओळीवर विश्वास ठेवावा, कारण तिच्याखालचे सगळे पाठवणाऱ्याला हवे तसे रचता येते. नवा मुलगा कामावर आला की मी त्याला आधी दहा स्पॅम मेलांच्या या ओळी छापून देतो आणि खोटी ओळ पेन्सिलीने खुणवायला सांगतो. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला नजर येते.

पाचवी पायरी: थोकात मेल पाठवणारे ग्राहक

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी नियम कडक केले. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर दिवसाला ५००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्या डोमेनला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे झाले, जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची झाली, आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणे आवश्यक ठरले. म्हणजे हजार मेलांमागे तीन जणांनी ‘स्पॅम’चे बटण दाबले की रेषा गाठली. गुगलचा सल्ला तर ०.१ टक्क्याच्या खाली राहण्याचा आहे. एकदा ही ५००० ची मर्यादा ओलांडली की ते डोमेन कायमचे थोक प्रेषक मानले जाते. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आउटलुकसाठी अशाच अटी आणल्या.

आपल्याकडे या अटींत सापडतात ते शिकवणी वर्ग, पतसंस्था आणि आपण स्वतः. आपलीच मासिक बिले. पतसंस्थेचे विवरण सभासदाला हवे असते, त्याची तक्रार सहसा येत नाही. अडचण असते ती ‘विदर्भातील व्यापाऱ्यांचा डेटा’ पेनड्राइव्हवर विकत घेतलेल्या ग्राहकाची. अशा यादीत वर्षानुवर्षे बंद असलेले पत्ते असतात आणि काही पत्ते केवळ सापळा म्हणून पेरलेले असतात. त्यांवर एक मेल गेला तरी ब्लॉकलिस्ट चालवणाऱ्यांना कळते. ग्राहक पैसे वेळेवर देतो म्हणून त्याला सांभाळून घेण्याचा मोह होतो. मी एकदा तसे केले आणि पुढचा महिना बाकीच्या सगळ्यांची माफी मागण्यात गेला.

सहावी पायरी: ब्लॉकलिस्ट वापरणे आणि तिच्यातून बाहेर येणे

ब्लॉकलिस्ट ही मुळात नेटवर्क चालवणाऱ्यांचीच कल्पना. १९९७ मध्ये पॉल विक्सी यांच्या पुढाकाराने सुरू झालेली पहिली मोठी यादी आधी बीजीपीने, म्हणजे राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्याच पद्धतीने, वाटली जात असे. डीएनएसवरून विचारण्याची पद्धत नंतर आली. स्पॅमहाउस ही आज सर्वाधिक परिचित असलेली संस्था १९९८ मध्ये उभी राहिली.

विचारण्याची रीत अशी: १९२.०.२.२५ हा पत्ता तपासायचा असेल, तर त्याचे आकडे उलटे करून, २५.२.०.१९२, पुढे यादीचे नाव लावायचे आणि डीएनएसला विचारायचे. उत्तर आले नाही तर पत्ता यादीत नाही. १२७.०.०.२ सारखे उत्तर आले तर आहे, आणि शेवटच्या आकड्यावरून कोणत्या प्रकारच्या यादीत आहे ते कळते. स्पॅमहाउसकडून १० किंवा ११ हा शेवटचा आकडा आला तर तो आरोप नव्हे. या पत्त्यावरून थेट मेल जाणे अपेक्षित नाही, एवढेच तो सांगतो, आणि घरगुती ग्राहकांच्या पत्त्यांबाबत ते बरोबरच असते.

येथे एक खड्डा आहे ज्यात जवळजवळ प्रत्येक नवा माणूस पडतो. सर्व्हरवर सार्वजनिक डीएनएस लावलेला असेल, तर स्पॅमहाउस त्या वाटेने आलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी १२७.२५५.२५५.२५४ असा नकार पाठवते. ज्या फिल्टरला ‘काहीही उत्तर आले म्हणजे यादीत’ एवढेच शिकवले आहे, तो मग जगातला प्रत्येक मेल नाकारू लागतो. उपाय दोन: मेल सर्व्हरसाठी स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरे शोधून आणणारा सर्व्हर) चालवावा, आणि फिल्टरमध्ये कोणती उत्तरे मानायची ती नेमकी लिहावीत.

फिल्टरने नाकारायचे तर मेल स्वीकारण्याच्या क्षणीच नाकारावे. स्वीकारून मग गुपचूप फेकून दिल्यास पाठवणाऱ्याला वाटते पोहोचला, घेणाऱ्याला वाटते पाठवलाच नाही, आणि दोघेही आपल्याला फोन करतात. उत्तराचा पहिला आकडा ५ असेल तर नकार कायमचा असतो, ४ असेल तर ‘थोड्या वेळाने या’. अनोळखी प्रेषकाला मुद्दाम ४ देऊन परत बोलावण्याची ग्रेलिस्टिंगची युक्ती जुनी आहे आणि चालतेही. पण बँकेचा ओटीपी मेलवर येणाऱ्या ग्राहकाला ती सहन होत नाही, म्हणून मी ती आता वापरत नाही. शब्दांवरून शिकणाऱ्या फिल्टरला आपल्याकडचे चांगले मराठी आणि हिंदी मेल नमुना म्हणून द्यावेत. गृहनिर्माण संस्थेच्या सूचना आणि लग्नपत्रिका त्याने कधी पाहिल्याच नसतील, तर तो त्यांच्याकडे संशयाने पाहणारच.

आपले नाव यादीत गेले, तर आधी कारण थांबवावे आणि मगच नाव काढण्याची विनंती करावी. घाईत विनंती केली, नाव निघाले आणि दोन तासांत परत गेले, तर पुढच्या विनंतीला कोणी गांभीर्याने घेत नाही. पत्र तीन वाक्यांचे असावे: काय घडले, ते कसे थांबवले, पुन्हा घडू नये म्हणून काय बदलले. ‘आमचा काही दोष नाही’ हे वाक्य लिहू नये. पैसे भरल्यास लगेच नाव काढू, असे सांगणाऱ्या यादीकडे मी दुर्लक्ष करतो. मोठ्या मेल सेवा तिला विचारत असतील असे माझ्या अनुभवात तरी दिसलेले नाही.

सातवी पायरी: ग्राहकाचा करार

नको असलेल्या मेलसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. दूरसंचार नियामक ट्रायची २०१८ ची नियमावली व्यापारी कॉल आणि एसएमएससाठी आहे, मेलसाठी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये मेलच्या उगमाबद्दल दिशाभूल करण्याचा उल्लेख होता, पण ते कलमच सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. म्हणून थोकात नको असलेले मेल पाठवल्यास जोडणी थांबवता येईल, अशी अट जोडणीच्या अर्जातच हवी. ती मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत असावी आणि सही घेताना बोट ठेवून दाखवावी.

आठवी पायरी: बैठकांना जाणे

वरचे सगळे करूनही एखादा दिवस असा येतो की आपला मेल कोणीतरी नाकारतो, त्यांचा अर्ज भरून आठवडा होतो, आणि पलीकडून यांत्रिक उत्तराखेरीज काही येत नाही. त्या वेळी उपयोगी पडतो तो ओळखीचा माणूस, आणि अशी ओळख ऑपरेटरांच्या बैठकांत होते. उत्तर अमेरिकेतील नॅनॉग १९९४ पासून भरते. आशिया-प्रशांत विभागाची ॲप्रिकॉट परिषद पहिल्यांदा १९९६ मध्ये सिंगापूरला भरली आणि २०१२ मध्ये नवी दिल्लीत आली होती. दक्षिण आशियाची सॅनॉग जानेवारी २००३ मध्ये काठमांडूत सुरू झाली आणि भारतापुरती इनॉग आहे. केवळ मेल आणि गैरवापर यांवर काम करणारा मॉग हा गट २००४ चा, मात्र तो सदस्यांपुरता असतो आणि तेथील बोलणे बाहेर नेता येत नाही.

पहिल्यांदा जाताना कार्यशाळेचे दिवस धरून जावे. नुसत्या भाषणांना गेलेला माणूस पिशवी आणि पेन घेऊन परत येतो. कार्यशाळेत चार दिवस शेजारी बसलेला ढाक्याचा किंवा कोलंबोचा अभियंता पुढे दहा वर्षे फोन उचलतो. स्वतःची एक अडचण कागदावर नेमकी लिहून न्यावी: कोणता पत्ता, कोणती वेळ, कोणता नकार. चहाच्या सुट्टीत मोठ्या मेल सेवेचा माणूस भेटला, तर ‘तुमची सेवा आमचे मेल का अडवते’ असे विचारण्यापेक्षा तो कागद पुढे करावा. माइकवर उभे राहिल्यावर आधी आपले नाव आणि नेटवर्क सांगावे, आणि प्रश्न हा प्रश्नच असावा, भाषण नव्हे. सादरीकरण करणार असाल तर ग्राहकांची नावे आणि पत्ते झाकावेत.

एपनिकच्या धोरण बैठका वर्षातून दोनदा होतात, त्यांतील एक ॲप्रिकॉटसोबत. तेथे सदस्य नसलेल्यालाही बोलता येते आणि निर्णय मतमोजणीने नव्हे, तर सर्वसंमती झाली आहे की नाही हे पाहून होतो. तक्रारसंपर्काच्या पडताळणीचा नियम याच वाटेने आला. आपल्याला जाचक वाटणारा नियम ठरताना आपण त्या खोलीत नव्हतो, ही तक्रार निदान ऑनलाइन हजेरी लावून तरी टाळता येते.

तिकीट आणि रजा दोन्ही जमत नसतील, तर शहरातच सुरुवात करावी. नागपुरात पाच-सहा छोटे ऑपरेटर एका टेबलाभोवती बसवणे अवघड आहे, कारण खांबावर हेच लोक एकमेकांच्या तारा कापल्याचे आरोप करीत असतात. आमची पहिली बैठक सकाळी तर्री पोह्यांवर झाली आणि पहिला अर्धा तास खांबांच्या भांडणातच गेला. त्यानंतर लक्षात आले की एकाने मेलच्या गैरवापरासाठी काढून टाकलेला ग्राहक आठवड्यात दुसऱ्याकडे आणि महिन्याने तिसऱ्याकडे गेला होता, आणि तिघांचेही पत्ते त्याच्यापायी यादीत गेले होते. मग खांब बाजूला राहिले.

अशा बैठकीला विषय तीनच ठेवावेत: गेल्या महिन्यात कोणाचे पत्ते यादीत गेले आणि का, कोणत्या प्रकारचा संसर्ग फिरतो आहे, आणि पुढच्या वेळी प्रत्येकाने काय तपासून यायचे. कोण काय म्हणाले ते बाहेर सांगायचे नाही. ग्राहकाचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा कागदपत्रे टेबलावर येऊ देऊ नयेत. वैयक्तिक विदेचे संरक्षण करणारा २०२३ चा कायदा आहेच, आणि स्पर्धकाच्या ग्राहकयादीवर डोळा ठेवणारा एखादा तरी बैठकीत असतोच. सांगायचे ते पत्ते, वेळा आणि नमुने. तेवढे काढून टाकलेल्या ग्राहकाला ओळखायला सहसा पुरते, कारण तो नव्या जोडणीवरूनही तीच डोमेने वापरतो. उठण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःच्या फोनवरून शेजारच्याच्या ‘अब्यूज’ पत्त्यावर एक मेल पाठवावा आणि तो कोणाच्या फोनवर वाजतो ते तेथेच पाहावे. आमच्या पहिल्या बैठकीत सहांपैकी दोनच वाजले.

तारीख ठरवताना मे महिन्यातील दुपार आणि डिसेंबरातील विधिमंडळ अधिवेशनाचे आठवडे टाळावेत. मेमध्ये कोणाच्या ना कोणाच्या सर्व्हर खोलीचा एसी बंद पडलेला असतो, आणि अधिवेशनात मोर्चांमुळे बर्डीचे रस्ते बंद झाले की हिंगण्याहून निघालेला माणूस पोहे संपल्यावरच पोहोचतो.